न्यूयॉर्कचे घरचे बास्केटबॉलपटू कुठे गेले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने आपल्याकडे पहाटे किंवा सकाळच्या चहाच्या वेळी लागतात, आणि त्यांविषयी काहीही लिहिले की वाचकांकडून न्यूयॉर्कबद्दलचे ठरावीक प्रश्न हमखास येतात. एवढे मोठे शहर, गल्लोगल्ली कोर्ट, इतका जुना इतिहास, आणि तरीही आजच्या आघाडीच्या खेळाडूंत तिथली मुले इतकी कमी कशी? त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. न्यूयॉर्कला बास्केटबॉलची पंढरी का म्हणतात? हा खेळ तिथेच सुरू झाला का?

नाही. हा खेळ १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये सुरू झाला. न्यूयॉर्कने मात्र तो असा आपलासा केला की पुढची कित्येक दशके खेळाची शैली तिथल्याच मुलांनी ठरवली. बेसबॉलला मैदान लागते आणि दाटीवाटीच्या वस्तीत मैदान नसते. बास्केटबॉलला डांबराचा एक तुकडा आणि एक रिंग पुरते. आज ज्या सामन्याला एनबीएचा पहिला सामना मानतात तो १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरांटोत झाला, आणि त्यातली पहिली बास्केट निक्स या न्यूयॉर्कच्या संघाच्या ऑसी शेक्टमनने केली, जो न्यूयॉर्कमध्येच वाढला होता. निक्सच्या त्या पहिल्या संघात शहरातल्या ज्यू वस्त्यांमधली मुले मोठ्या संख्येने होती. १९५० मध्ये सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कच्या संघाने, म्हणजे शहरातल्याच मुलांच्या संघाने, एनआयटी आणि एनसीएए या महाविद्यालयांच्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा एकाच हंगामात जिंकल्या, जे दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही. पुढच्याच वर्षी सामन्यांतील गुणफरक पैसे घेऊन ठरवल्याचे प्रकरण बाहेर आले आणि त्या महाविद्यालयाचे वैभव संपले. शहरातली मुले मात्र येतच राहिली. बॉब कूझी, लेनी विल्केन्स, करीम अब्दुल-जब्बार, आणि १९७२-७३ च्या एकाच हंगामात सरासरी गुण (३४.०) व सरासरी असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला थेट बास्केट करू देणारे पास (११.४), या दोन्हींत पहिला आलेला ब्राँक्सचा ‘टायनी’ आर्चिबाल्ड, ही त्यांतली अगदी मोजकी नावे.

२. घसरण झाली म्हणजे नेमके काय झाले?

मुले खेळेनाशी झाली, असा याचा अर्थ नाही. शहरातल्या शाळांतून घडून एनबीएत जाणाऱ्यांची संख्या रोडावली, गेलेल्यांपैकी संघाचा मुख्य आधार होणारे आणखी कमी झाले, आणि ज्यांची नावे आज आपण ऐकतो त्यांतल्या अनेकांनी घडणीची वर्षे शहराबाहेर काढली. या जुन्या वाटेने जाऊन ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेला) झालेले अलीकडचे ठळक नाव केंबा वॉकरचे आहे. ब्राँक्समधल्या साउंडव्ह्यू भागातल्या सरकारी वसाहतीत वाढलेला, हार्लेमच्या राइस हायस्कूलमध्ये शिकलेला हा सहा फुटी गार्ड (चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू) २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे चार वेळा ऑल-स्टार झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये, तो कनेक्टिकट विद्यापीठाकडून खेळत असताना, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर पिट्सबर्ग विद्यापीठाविरुद्धची शेवटची काही सेकंदे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना जुनी न्यूयॉर्क शैली समजावून सांगावी लागत नाही: समोर त्याच्याहून कितीतरी उंच बचावपटू, एक खोटी मुसंडी, तिथेच मागे सरकणे, बचावपटू कोलमडून खाली, आणि वेळ संपता संपता चेंडू जाळ्यात.

३. ‘घरचा खेळाडू’ कोणाला म्हणायचे? मायकेल जॉर्डनसुद्धा ब्रुकलिनमध्येच जन्मला होता ना?

जन्मला होता, पण वाढला नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये. त्याला न्यूयॉर्कच्या खात्यावर जमा करणे हा शुद्ध हावरेपणा ठरेल. कार्मेलो अँथनीही ब्रुकलिनच्या रेड हुकचा, पण बालपणीच बाल्टिमोरला गेला. उलट बाजूने पाहिले तर डोनोव्हन मिचेल शहराला लागून असलेल्या वेस्टचेस्टरचा आहे, आणि त्याला सर्रास न्यूयॉर्कचा म्हटले जात असले तरी शहराच्या पाच बरोंमध्ये, म्हणजे मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड यांत, तो मोडत नाही. या लेखात ‘घरचा’ म्हणजे पाच बरोंत वाढलेला आणि हायस्कूलचा मोठा काळ तिथल्याच शाळेत खेळलेला, असा अर्थ धरला आहे. ही व्याख्या कडक आहे हे मान्य. पण जन्मस्थळ मोजले तर घसरण दिसणारच नाही, कारण जे बदलले ते जन्मानंतर चौदा-पंधरा वर्षांनी घडते.

४. ही घसरण कधी सुरू झाली?

एका तारखेवर बोट ठेवता येत नाही, पण एक साखळी बोलकी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या मुलांच्या हायस्कूल बास्केटबॉलमध्ये कारकिर्दीतील सर्वाधिक गुणांचा विक्रम क्वीन्सच्या आर्चबिशप मॉलॉय शाळेच्या केनी अँडरसनच्या नावावर होता. तो कोनी आयलंडवरच्या लिंकन हायस्कूलच्या सेबॅस्टियन टेलफेअरने मोडला आणि टेलफेअरचा विक्रम त्याच शाळेच्या लान्स स्टीफनसनने २,९४६ गुण करून मोडला. अँडरसन १९९१ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा होता, टेलफेअर २००४ मध्ये तेरावा, स्टीफनसन २०१० मध्ये चाळिसावा. शाळेतला आकडा प्रत्येक वेळी वाढत गेला आणि बाजारातली किंमत प्रत्येक वेळी उतरली. तीन माणसांवरून सिद्धांत मांडू नये, आणि प्रत्येकाची परिस्थिती निराळी होती हेही खरे. तरीही शहरातल्या शाळेत अजिंक्य ठरणे ही गोष्ट बाहेरच्या जगाला पूर्वीइतकी मोलाची वाटेनाशी झाली, हे या साखळीतून दिसते. १९९० च्या दशकात स्टेफॉन मार्बरी (१९९६), लमार ओडम आणि रॉन आर्टेस्ट (दोघेही १९९९) अशी नावे येत होती. २००० नंतर तो ओघ बारीक होत गेला.

५. चांगली मुले शहर सोडून का जातात?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली याच प्रश्नात आहे, म्हणून उत्तर लांबले आहे.

पूर्वी गुणी मुलाची शिडी शहरातच लागलेली असे. वस्तीतले कोर्ट, मग रिव्हरसाइड चर्च किंवा ब्राँक्सच्या गॉचोजसारखा क्लब, मग सार्वजनिक किंवा कॅथलिक शाळेचा संघ, आणि मग सेंट जॉन्ससारखे शहरातलेच विद्यापीठ. ख्रिस मलिन आणि मार्क जॅक्सन हे शहरातच वाढलेले दोघे १९८५ साली प्रशिक्षक लू कार्नेसेका यांच्या सेंट जॉन्सकडून राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांपर्यंत पोहोचले, आणि तिथपर्यंत येण्यासाठी दोघांपैकी कोणालाही गाव सोडावे लागले नव्हते.

ही शिडी मधल्या पायऱ्यांवर मोडली. बूट बनवणाऱ्या कंपन्यांनी उन्हाळी स्पर्धांत पैसा ओतला. नायकीची ईवायबीएल ही देशव्यापी युवा साखळी २०१० मध्ये सुरू झाली, आणि महाविद्यालयांचे प्रशिक्षक शाळेच्या सामन्यांऐवजी अशा स्पर्धांत खेळाडू हेरू लागले. त्यामुळे शाळेच्या प्रशिक्षकाचा शब्द हलका झाला आणि उन्हाळी संघाच्या प्रशिक्षकाचा जड. दुसरीकडे कनेक्टिकट, न्यू हॅम्पशायर, व्हर्जिनिया, फ्लोरिडा अशा राज्यांतल्या खासगी निवासी शाळांनी बास्केटबॉलचे संघ बांधायला घेतले. तिथे शिष्यवृत्ती मिळते, राहण्या-जेवणाची सोय असते, शाळेची स्वतःची व्यायामशाळा आणि कोर्ट असते, आणि हवे तर एक इयत्ता पुन्हा करता येते किंवा बारावीनंतर एक जादा वर्ष घालवता येते. शहरातल्या सार्वजनिक शाळांच्या स्पर्धेत नववीपासून चारच वर्षांची पात्रता मिळत असल्याने, उशिरा उंची वाढणाऱ्या मुलाला ते जादा वर्ष सोन्यासारखे वाटते.

एखाद्या आईच्या जागी बसून पाहा. मुलगा चौदा वर्षांचा आणि सहा फूट चार इंच, शाळा दोन गाड्या बदलून तासाभरावर, एकाच इमारतीत चार लहान शाळा आणि त्या चौघींत मिळून एक कोर्ट, घरी परतायला रात्र. समोर एका निवासी शाळेचे पत्र: शुल्क माफ, वर्गात पंधरा मुले, सकाळ-संध्याकाळ सराव. या आईने मुलाला पाठवले तर तिचे चुकले असे मला अजिबात वाटत नाही. मो बांबा हार्लेमचा, पण तो पेनसिल्व्हेनियातल्या वेस्टटाउन शाळेतून पुढे गेला आणि २०१८ मध्ये सहावा निवडला गेला. हमिदू डियालो क्वीन्सचा, पण हायस्कूल संपवले कनेक्टिकटमध्ये. कोल अँथनी मॅनहॅटनमध्ये वाढला, मॉलॉयमध्ये तीन वर्षे खेळला आणि शेवटच्या वर्षी व्हर्जिनियातल्या ओक हिल अकादमीत गेला. मुलांचे यात भलेच झाले; नुकसान झाले ते मागे राहिलेल्यांचे, ज्यांना रोजच्या सरावात आपल्याहून सरस मुलाशी झुंजायला मिळाले नाही.

६. कॅथलिक शाळा बंद पडल्या, त्याचा बास्केटबॉलशी काय संबंध?

फार जवळचा. गरीब वस्तीतल्या उंच, चपळ मुलाला कमी शुल्कात शिस्तीचे शिक्षण आणि कसलेला प्रशिक्षक देणारी जागा म्हणजे या शाळा. मॅनहॅटनच्या पॉवर मेमोरियल शाळेत करीम अब्दुल-जब्बार (तेव्हाचा ल्यू अल्सिंडर) शिकत असताना संघाने सलग ७१ सामने जिंकले. ती शाळा १९८४ मध्ये बंद झाली. ब्राँक्सची सेंट निकोलस ऑफ टोलेंटाइन १९९१ मध्ये बंद झाली. राइस हायस्कूलची कथा तर चटका लावणारी आहे: २०११ च्या एप्रिलमध्ये केंबा वॉकरने कनेक्टिकट विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आणि पुढच्याच महिन्यात त्याची शाळा बंद होणार असल्याचे जाहीर झाले. घटती पटसंख्या, शिकवणाऱ्या धर्मबंधूंची कमी होत गेलेली संख्या आणि वाढता खर्च ही कारणे. बास्केटबॉलचा त्यांत काही दोष नव्हता.

सार्वजनिक शाळांमध्येही मोठा बदल झाला. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात (२००२ ते २०१३) हजारो विद्यार्थ्यांच्या अनेक अवाढव्य हायस्कूलांचे तुकडे करून एकेका इमारतीत चार-पाच लहान शाळा बसवण्यात आल्या. शिक्षणाच्या दृष्टीने त्याचे समर्थक पुष्कळ आहेत, पण तीन हजार मुलांतून निवडलेला संघ आणि चारशे मुलांतून निवडलेला संघ यांत जो फरक पडायचा तो पडलाच. काही ठिकाणी एका इमारतीतल्या शाळा मिळून एक संघ उतरवतात, हा त्यावरचा अर्धामुर्धा उपाय.

७. रस्त्यावरचा खेळ संपला का? रकर पार्क अजून आहे का?

आहे. हार्लेममधल्या १५५ व्या रस्त्यावरच्या या कोर्टाला होल्कम रकर यांचे नाव १९७४ मध्ये दिले गेले. उद्यान विभागात काम करणाऱ्या या गृहस्थांनी मुलांना अभ्यासाकडे वळवण्यासाठी स्पर्धा सुरू केली आणि पुढे व्यावसायिक खेळाडूही तिथे हजेरी लावू लागले. २०११ च्या उन्हाळ्यात, मालक आणि खेळाडूंमधल्या करारवादामुळे एनबीए बंद असताना, केव्हिन ड्युरंटने तिथे एका सामन्यात ६६ गुण केले. २०२१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेच्या मदतीने या कोर्टाचे नूतनीकरणही झाले. तेव्हा कोर्ट ओस पडली आहेत, असे म्हणता येणार नाही. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, शहराने ८० ठिकाणच्या रिंगा काढून घेतल्या, कारण सांगूनही लोक खेळायचे थांबत नव्हते.

बदलले ते या कोर्टांचे काम. पूर्वी हरणारा संघ बाहेर जाई आणि पुन्हा पाळी यायला तासभर लागे, म्हणून पंधरा वर्षांचा पोरगा तिशीतल्या दांडग्यांविरुद्ध जिवाच्या आकांताने खेळायला शिके. आता तोच पोरगा उन्हाळ्यात विमानाने दुसऱ्या राज्यातल्या स्पर्धेला जातो, उरलेल्या वेळात पैसे देऊन नेमलेल्या प्रशिक्षकाबरोबर बंदिस्त कोर्टावर सराव करतो, आणि दुखापत होईल या भीतीने डांबरावर उतरतच नाही.

८. न्यूयॉर्कचे पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ चालवणारे) एवढे प्रसिद्ध होते, मग तीच शैली आता का चालत नाही?

शैली परिस्थितीतून आली होती. उघड्या कोर्टावर वारा असतो. रिंग दुहेरी लोखंडाची असते आणि थोडासा चुकलेला चेंडू ठणकन बाहेर फेकते. वेस्ट फोर्थ स्ट्रीटच्या प्रसिद्ध ‘पिंजऱ्या’सारखी कोर्ट तर मापापेक्षा लहान आहेत. अशा जागी लांबून नेम धरण्यात शहाणपण नसते. चेंडू हातात खेळवत, दोन माणसांच्या फटीतून रिंगपर्यंत शिरणे हाच फायद्याचा सौदा, आणि पर्ल वॉशिंग्टन, रॉड स्ट्रिकलंड, मार्बरी हे सगळे त्या सौद्यात तरबेज होते. पण एनबीएत १९७९-८० च्या हंगामात तीन गुणांची रेषा (जिच्या पलीकडून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) आली तेव्हा एक संघ सामन्यामागे सरासरी तीनहून कमी वेळा तिथून प्रयत्न करत असे. २०२३-२४ मध्ये हा आकडा ३५ च्या आसपास होता. आता लांबून नेम नसलेल्या गार्डला बचावपटू मोकळा सोडतात आणि त्याच्या चपळाईला वाटच उरत नाही. लांबचा नेम बंदिस्त कोर्टावर हजारो वेळा तीच फेक करून येतो, आणि न्यूयॉर्कमध्ये बंदिस्त जागा ही सर्वांत महाग गोष्ट आहे.

ब्रुकलिनमध्येच वाढलेला ख्रिस मलिन त्याच्या काळातल्या उत्तम नेमबाजांपैकी एक होता, याची आठवण काही वाचक नेहमी करून देतात. ती रास्त आहे. पण रात्री उशिरापर्यंत व्यायामशाळेत एकटा सराव करणारा म्हणूनच तो ओळखला जाई.

९. जग पुढे गेले म्हणून न्यूयॉर्क मागे पडल्यासारखे दिसते, एवढेच तर नाही ना?

बऱ्याच अंशी तसेही आहे, आणि हा मुद्दा विसरून केलेले रडगाणे एकांगी ठरते. एनबीएत आज ३० संघ आहेत आणि प्रत्येकी १५ नियमित करार धरले तर जागा सुमारे ४५०. २०२३-२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा त्यांतले १२५ खेळाडू अमेरिकेबाहेरच्या ४० देश-प्रदेशांतले होते. २०१९ पासून २०२५ पर्यंतचे सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार ग्रीस, सर्बिया, कॅमेरून आणि कॅनडात जन्मलेल्यांनी मिळवले. त्यामुळे केवळ न्यूयॉर्कच नव्हे, अमेरिकेतल्या प्रत्येक जुन्या केंद्राचा वाटा आकसला आहे. मात्र एवढ्याने हिशेब पुरा होत नाही, कारण शहरातली मुले शहर सोडून जात आहेत (प्रश्न ५), आणि त्याचा सर्बियाच्या राजधानीशी, बेलग्रेडशी, काही संबंध नाही.

१०. निक्सने स्थानिक मुले घेतली तर परिस्थिती सुधारेल का?

नाही. एनबीएत संघ आपल्या गावचा मुलगा म्हणून कोणाला राखून ठेवू शकत नाही. जवळपासच्या महाविद्यालयाचा खेळाडू आधी उचलण्याची जुनी सवलत १९६० च्या दशकातच संपली. शिवाय निक्सचे १९७० चे विजेते कोण होते? विलिस रीड लुइझियानाचा, वॉल्ट फ्रेझर अटलांटाचा, बिल ब्रॅडली मिझुरीचा, डेव्ह डीबुशेअर डेट्रॉइटचा. शहराचे खेळाडू ऐन भरात असतानाही शहराचा संघ बाहेरच्यांच्याच जोरावर जिंकला होता.

११. मोबाइल आणि व्हिडिओ गेममुळे मुले खेळत नाहीत, हे खरे आहे का?

मोबाइल बेलग्रेडमध्येही आहेत आणि टोरांटोतही.

१२. १९७५ च्या आर्थिक संकटात शाळांचे खेळ कापले गेले, तेव्हापासून हे सुरू झाले असे वाचले. बरोबर आहे का?

त्या वर्षी शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते आणि शाळांच्या खेळांवरचा खर्च कापला गेला, हे बरोबर. पण मलिन, जॅक्सन, केनी स्मिथ, स्ट्रिकलंड, अँडरसन ही सगळी पिढी त्यानंतरच घडली. पैसा आटला तरी क्लब, चर्च आणि कॅथलिक शाळा उभ्या होत्या म्हणून शिडी टिकली. म्हणून मी १९७५ पेक्षा शाळा बंद पडण्याला (प्रश्न ६) अधिक महत्त्व देतो.

१३. मुलींच्या बास्केटबॉलमध्येही असेच झाले आहे का?

तिथला इतिहास निराळा आहे आणि त्याची चर्चा उगाच कमी होते. क्वीन्समधल्या फार रॉकअवेची नॅन्सी लीबरमन रेल्वेने हार्लेमपर्यंत जाऊन मुलांबरोबर खेळत असे, आणि अठराव्या वर्षी १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक विजेत्या संघात होती. २००६ मध्ये मॅनहॅटनच्या मरी बर्गट्रॉम शाळेच्या एपिफनी प्रिन्सने एका सामन्यात ११३ गुण केले. सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे क्वीन्सची ख्राइस्ट द किंग ही एकच शाळा: शमीक होल्ड्सक्लॉ (१९९९), स्यू बर्ड (२००२) आणि टीना चार्ल्स (२०१०) या तिघी तिथल्याच, आणि तिघीही डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेल्या. त्यातही बर्ड लाँग आयलंडवरच्या सायोसेटची, म्हणजे प्रश्न ३ मधल्या व्याख्येनुसार बाहेरची. अधिक कठीण स्पर्धा मिळावी म्हणून ती शहराकडे आली. मुलांच्या बाबतीत आज जो प्रवाह बाहेर वाहतो, तो तिच्या काळी मुलींसाठी आत वाहत होता.

१४. मुंबई क्रिकेटचेही असेच झाले ना?

वरवर पाहता तसे वाटते: दादर-शिवाजी पार्कची सद्दी, भारतीय संघात एकेकाळी मुंबईकरांचा भरणा, आणि आता विदर्भासारख्या संघांनी रणजी करंडक जिंकणे. हा भाग प्रश्न ९ सारखाच आहे. खेळ देशभर पसरला. पण एक मूलभूत फरक आहे. यशस्वी जयस्वाल उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून मुंबईत आला, आझाद मैदानावरच्या तंबूत राहिला आणि मुंबईकडून खेळून भारतीय संघात पोहोचला. म्हणजे गुणी मुलगा अजूनही क्रिकेटसाठी मुंबईत येतो, आणि २०२३-२४ मध्ये मुंबईने आपला ४२ वा रणजी करंडक जिंकला. न्यूयॉर्कचा गुणी मुलगा बास्केटबॉलसाठी न्यूयॉर्कमधून निघतो.

१५. एखाद्या नव्या खेळाडूला न्यूयॉर्कचा मानावे की नाही, हे कसे ठरवावे?

त्याच्या माहितीत जन्मगाव सगळ्यांत आधी दिलेले असते, आणि तेच सगळ्यांत कमी उपयोगाचे असते. त्याने नववी ते बारावी कोणकोणत्या शाळांत काढली ते पाहावे. चारही वर्षे शहरात गेली असतील तर प्रश्नच नाही. शेवटचे एकच वर्ष बाहेर गेले असेल, जसे कोल अँथनीचे, तर मी त्याला शहराचाच मानतो. सगळी वर्षे बाहेर गेली असतील तर तो शहरात वाढलेला पण बाहेर घडलेला.

शेवटचा एक सापळा मोजणीचा. अनेक लेखांत फक्त ड्राफ्टच्या याद्या चाळून न्यूयॉर्कची मुले मोजलेली असतात. अशा मोजणीत होसे अल्वाराडो सापडत नाही. ब्रुकलिनचा हा सहा फुटी गार्ड क्वीन्सच्या ख्राइस्ट द किंग शाळेत खेळला, जॉर्जिया टेकमध्ये चार वर्षे काढली, आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच निवडले नाही. तरीही न्यू ऑर्लीन्सने त्याला घेतले आणि तो एनबीएत टिकला. त्याची ओळख झालेली युक्ती अशी: प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन पुढे निघाला की हा मागच्या रेषेजवळच्या कोपऱ्यात गुडघ्यांत वाकून दबा धरून बसतो, आणि चेंडूवाल्याची पाठ वळताच मागून धावत येऊन चेंडू काढून घेतो.